स्टेडियम ट्रक (रेडिओ नियंत्रित) : शर्यतीच्या गाड्यांची तुलना

स्टेडियम ट्रक : रेडिओ नियंत्रणावर चालणाऱ्या १/१० प्रमाणातल्या ऑफ-रोड शर्यतीच्या गाड्यांचा एक वर्ग. मोटरची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते, चारही चाकांना २.२ इंची रिम असतात आणि वर पिकअप ट्रकच्या आकाराची पातळ पॉलिकार्बोनेटची बॉडी असते. याच प्रमाणातल्या बग्गीच्या (ऑफ-रोड शर्यतीची बुटकी, हलकी गाडी) रुंदीला नियमाने २५० मिलिमीटरची मर्यादा आहे. स्टेडियम ट्रक ३३० मिलिमीटरच्या आसपास जातो. या वाढीव रुंदीमुळे तो वळणावर सहजासहजी उलटत नाही आणि मोठ्या टायरांमुळे बग्गी जिथे अडखळते त्या खड्ड्यांवरून निघून जातो. नवख्या चालकाला ट्रक बग्गीपेक्षा सोपा वाटतो तो यामुळेच. मात्र अरुंद ट्रॅकवर पुढच्या गाडीला ओलांडताना हीच रुंदी नडते.

नाव आले ते खऱ्या गाड्यांच्या शर्यतींवरून. अमेरिकेत मिकी थॉम्प्सन या शर्यतपटूने वाळवंटातली ऑफ-रोड शर्यत उचलून थेट स्टेडियममध्ये आणली. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये मातीचे ढिगारे रचून ट्रॅक तयार झाला आणि ऐंशीच्या दशकात टोयोटा, निस्सान, फोर्ड अशा कंपन्यांचे ट्रक त्यावर उड्या मारू लागले. आयव्हन स्ट्युअर्टचा टोयोटा आणि रॉजर मिअर्सचा निस्सान ही त्या काळातली गाजलेली नावे. थॉम्प्सनची १९८८ मध्ये हत्या झाली, तरी शर्यती काही वर्षे चालूच राहिल्या. छोट्या गाड्यांच्या चालकांनी हे पाहून आपल्या बग्गीवर ट्रकची बॉडी चढवली, मोठी चाके बसवली, आणि त्या जुगाडातून पुढे एक वेगळा वर्ग उभा राहिला.

या वर्गाचा पहिला मोठा सामना दोन कॅलिफोर्नियन कंपन्यांचा. टीम असोसिएटेडची आरसी१० ही टबसारख्या सोनेरी ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची बग्गी १९८४ मध्ये आली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेल मार येथे १/१० ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि तिथे जे हॅल्सीने टू-व्हील ड्राइव्ह गट आरसी१० वर जिंकला. फोर-व्हील ड्राइव्ह गटाचा विजेता होता गिल लोसी धाकटा, योकोमो या जपानी कंपनीच्या गाडीवर. लोसी कुटुंब तेव्हा ट्रॅक चालवत होते, दुसऱ्यांच्या गाड्या पळवत होते. थोड्याच वर्षांत त्यांनी स्वतःची गाडी काढली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टीम लोसीचा जेआरएक्स-टी आणि असोसिएटेडचा आरसी१०टी समोरासमोर आले आणि पुढची वीस वर्षे ट्रॅकवरची चर्चा 'लोसी की असोसिएटेड' एवढ्यातच फिरत राहिली. लोसीकडून एक्सएक्स-टी, एक्सएक्सएक्स-टी. असोसिएटेडकडून टी२, टी३ आणि २००० च्या दशकाच्या मध्यापासून टी४. यांतला टी४ हा बहुधा सर्वांत जास्त काळ टिकलेला यशस्वी ट्रक. त्याची रचना साधी होती, सुटे भाग कुठेही मिळत आणि चिखलमातीत तो चालकाच्या चुका पोटात घालत असे.

मग 'कोणता ट्रक भारी' या प्रश्नाला उत्तर काय? ट्रॅकचा पृष्ठभाग सांगितल्याशिवाय या प्रश्नाला अर्थच नाही. शर्यतीच्या दर्जाच्या ट्रकांची मोटर, बॅटरी, टायर बहुतेक सारखेच असतात. नियम तसे बांधलेले असतात. कंपनीगणिक बदलते ते वजन कुठे ठेवले आहे एवढेच, आणि ते वजन फायद्याचे की तोट्याचे हे खालची जमीन ठरवते.

मोटरची जागा

जुन्या ट्रकांत मोटर मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलेली असे. याला रिअर-मोटर म्हणतात. सगळे वजन मागच्या चाकांवर आल्यामुळे भुसभुशीत, धुळीच्या मातीत ती जमीन धरून ठेवतात आणि थ्रॉटल दाबला की गाडी सरळ सुटते. उलट बाजूने पाहिले तर पुढची चाके हलकी पडतात, वळणात शिरताना गाडी ऐकत नाही, आणि घसरायला लागली की मागचे वजन लोलकासारखे झुलून तिला गरकन फिरवते.

ट्रॅक बदलले तसे हे गणितही बदलले. बंदिस्त जागेतले कार्पेट, कृत्रिम गवत, घट्ट दाबलेली आणि टायरच्या रबराने काळी पडलेली चिकणमाती यांवर पकड इतकी असते की मागे जास्तीचे वजन लागतच नाही. तिथे मोटर ॲक्सलच्या पुढे आणली की गाडी चपळ होते. हीच मिड-मोटर रचना. टीम लोसी रेसिंगचा २२टी, २०१० च्या दशकाच्या सुरुवातीचा, दोन्ही पद्धतींनी जोडता येत असे. खरेदीदाराने आपला ट्रॅक बघून ठरवायचे. असोसिएटेडने टी५एम मध्ये मिड-मोटर पक्की केली, नावातला 'एम' त्याचाच. पुढे टी६ मालिकेत गिअरबॉक्सच आडवा झोपवला, त्यामुळे मोटर आणखी खाली आली. युरोपातून एक्सरे कंपनीचा एक्सटी२ आला. आजचे आघाडीचे ट्रक शेजारी ठेवले तर बॉडी काढल्यावर अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही, इतके ते एकमेकांच्या जवळ आले आहेत.

एक बारकावा मात्र तुलनेत बहुतेकदा सुटतो, तो गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकांच्या संख्येचा. तीन-गिअर बॉक्समध्ये मोटर गाडीच्या चाकांच्या उलट दिशेने फिरते, चार-गिअरमध्ये चाकांच्याच दिशेने. मोटर वेग घेते तेव्हा तिचा उलटा झटका चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बसतो. चार-गिअरमध्ये हा झटका मागची बाजू खाली दाबतो, म्हणून निसरड्या मातीवर मिड-मोटर ट्रकला तो उपकारक ठरतो. कार्पेटवर तीन-गिअर बरा, कारण गाडी सपाट राहते. एकाच कंपनीचा एकच ट्रक एका ट्रॅकवर पहिला आणि दुसऱ्यावर सातवा का येतो, त्याचे उत्तर कधीकधी या एका दातेरी चाकात असते.

टायर आणि गिअरचे गणित

बग्गीवरून ट्रककडे येणारा चालक पहिली चूक इथे करतो. समजा पिनियन (मोटरच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक) २२ दातांचा, तो फिरवतो तो मोठा स्पर गिअर ७८ दातांचा आणि बॉक्समधले आतले प्रमाण २.६ आहे. एकूण प्रमाण झाले सुमारे ९.२, म्हणजे मोटर ९.२ वेळा फिरली की चाक एकदा फिरते. बग्गीचा मागचा टायर साधारण ८.६ सेंटीमीटर व्यासाचा धरला तर मोटरच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे २९ मिलिमीटर पुढे जाते. ट्रकचा टायर १० सेंटीमीटरच्या आसपास. त्याच गिअरवर तो ३४ मिलिमीटर जातो. वरवर हा वेगाचा फायदा वाटतो. प्रत्यक्षात मोटरवर भार वाढतो, ती तापते आणि वळणातून बाहेर पडताना गाडी मरगळते. बग्गीइतकीच चाल हवी असेल तर पिनियन १९ दातांवर आणावा लागतो. तुलना करताना दोन ट्रक वेगवेगळ्या गिअरवर पळवले आणि 'हा जास्त ओढतो' असा निष्कर्ष काढला, तर ती तुलना ट्रकांची राहत नाही.

टायरच्या बाबतीत ट्रकला एक सोय आहे. बग्गीचे पुढचे टायर अरुंद आणि वेगळे असतात. ट्रकचे एकाच मापाचे टायर पुढे आणि मागे दोन्हीकडे चालतात. चालक सहसा पुढे वेगळ्या नक्षीचे आणि मागे वेगळ्या नक्षीचे लावतात. स्पष्टच सांगायचे तर चुकीच्या टायरचा सर्वांत महागडा ट्रक योग्य टायरच्या दहा वर्षे जुन्या ट्रकपुढे हरतो.

उडी, सस्पेन्शन, डिफरन्शियल

हवेत असताना ट्रकचे नाक सांभाळण्याची युक्ती सगळ्या ऑफ-रोड गाड्यांत एकच: थ्रॉटल दिला तर नाक वर उठते, ब्रेक मारला तर खाली येते, कारण फिरत्या चाकांचा उलटा जोर चासीवर येतो. ट्रकची चाके मोठी आणि जड असल्याने हा परिणाम बग्गीपेक्षा ठळक जाणवतो. अनुभवी चालक ट्रकवर उडी मारताना बोट हलकेच वापरतो. नवखा भीतीने ब्रेक दाबतो आणि गाडी नाकावर आपटते.

लांब सस्पेन्शन आर्ममुळे (चाक चासीला जोडणारे दांडे) शॉक ॲब्सॉर्बरवर तरफेचा जोर जास्त येतो. त्यामुळे बग्गीच्या शॉकमधले तेल आणि स्प्रिंग जसेच्या तसे ट्रकला लावून चालत नाही. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे वळताना मागची दोन चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या 'डिफ'मध्ये, दोन पंथ आहेत. बॉल डिफ नाजूक, पण स्क्रू फिरवून हवा तसा घट्ट करता येतो. गिअर डिफमध्ये सिलिकॉन तेल भरायचे, तो जास्त दिवस टिकतो आणि जास्त पकडीच्या ट्रॅकवर स्थिर वागतो. बॉल डिफ नीट बसवला आहे का हे पाहण्याची जुनी रीत आहे: स्पर गिअर आणि एक मागचे चाक घट्ट धरायचे, दुसरे चाक हाताने फिरवायचा प्रयत्न करायचा. ते सहज सरकले तर डिफ सैल आहे. जोराच्या झटक्यात आधी स्लिपर क्लच (जास्त जोर आला की सरकून गिअर वाचवणारा भाग) सरकला पाहिजे. डिफ सरकला तर आतले गोळे आणि चकत्या घासून खडबडीत होतात, आणि मग गाडीत असा दोष शिरतो की चालक सस्पेन्शनच बदलत बसतो.

नियम आणि शर्यतीचे स्वरूप

अमेरिकेत या वर्गाचे नियम रोअर ही संस्था ठरवते आणि तिच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्टेडियम ट्रकला स्थान आहे. आंतरराष्ट्रीय महासंघ इफमार मात्र १/१० ऑफ-रोडमध्ये बग्गीच्याच जागतिक स्पर्धा घेतो, ट्रकची घेत नाही. अमेरिकेबाहेरच्या कंपन्या बग्गीवर आधी मेहनत घेतात आणि ट्रक तिच्याच सुट्या भागांतून नंतर निघतो, याचे एक कारण हेही असावे.

बॅटरी दोन सेलची लिथियम पॉलिमर, ७.४ व्होल्टची, पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट. मिड-मोटर ट्रकमध्ये आखूड पॅक बसतो आणि तो पुढेमागे सरकवून वजनाची विभागणी बदलता येते. स्टॉक गटात १७.५ किंवा १३.५ टर्नची (टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे) ब्रशलेस मोटर लागते आणि मोटरला वीज पुरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरचे वाढीव टायमिंग, म्हणजे मोटरचा वेग वाढवण्याची सोय, बंद ठेवावे लागते. ते बंद आहे याची खूण म्हणून कंट्रोलरचा दिवा लुकलुकत राहतो, म्हणून चालक या गटाला 'ब्लिंकी' म्हणतात. मॉडिफाइड गटात मोटरवर असे बंधन नसते. इंधनावर चालणाऱ्या ट्रकांचाही एक गट होता, असोसिएटेडच्या आरसी१०जीटीने तो गाजवला. आता तो फारसा दिसत नाही.

पात्रता फेरी सहसा पाच मिनिटांची असते आणि निकाल त्यात पूर्ण झालेल्या ट्रॅकच्या फेऱ्या व लागलेला वेळ यांवर लागतो. म्हणून सर्वांत जलद एका फेरीवरून ट्रक जोखणे फसवे ठरते. समजा एक ट्रक २४.५ सेकंदांत फेरी मारतो, पण दोनदा उलटतो आणि मार्शल धावत येऊन सरळ करीपर्यंत दर वेळी सहा सेकंद जातात. त्याच्या बारा फेऱ्या होतात ३०६ सेकंदांत. दुसरा ट्रक प्रत्येक फेरीला २५.२ सेकंद घेतो, एकदाही उलटत नाही. त्याच्या बारा फेऱ्या ३०२.४ सेकंदांत. फेरीमागे ०.७ सेकंदाने मंद असलेला ट्रक साडेतीन सेकंदांहून जास्त फरकाने पुढे येतो. दोन ट्रकांची चाचणी घ्यायचीच तर एकाच चालकाने, एकाच जोडीच्या टायरवर, पूर्ण पाच मिनिटे पळवून घ्यावी.

तयार ट्रक आणि किट

दुकानातून उचलून थेट पळवता येतो तो तयार ट्रक. ट्रॅक्ससचा रस्टलर हा त्यातला सर्वांत ओळखीचा. आदळआपट सोसण्यासाठी तो बनला आहे आणि ते काम तो चोख करतो. पण आखलेल्या ट्रॅकवर शर्यतीच्या किटशी त्याची तुलना करणे त्याच्यावर अन्याय आहे. शर्यतीचे किट सुट्या भागांच्या पिशव्यांत येते. मोटर, स्पीड कंट्रोलर, सर्वो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर), रिसीव्हर आणि बहुधा टायरही वेगळे घ्यावे लागतात, म्हणून किटच्या किमतीवरून खर्चाचा अंदाज बांधणारा फसतो.

२००८ मध्ये ट्रॅक्ससचा स्लॅश आला आणि शॉर्ट कोर्स ट्रकची लाट उसळली. चाके झाकणारी मोठी बॉडी, एकमेकांना घासत जाणाऱ्या गाड्या, सगळे खऱ्या शर्यतीसारखे दिसे. अनेक ट्रॅकवर स्टेडियम ट्रकचे चालक तिकडे वळले आणि हा गट रोडावला. चालवायला मात्र स्टेडियम ट्रकच चोख. शॉर्ट कोर्सची रुंद बॉडी उडीत खालून हवा धरते आणि गाडी छत्रीसारखी उलटी तरंगते. उघड्या चाकांच्या ट्रकला हा त्रास कमी होतो.

विकत घेताना सगळ्यात शेवटी पाहिली जाणारी आणि सगळ्यात आधी पाहावी अशी गोष्ट म्हणजे आपल्या ट्रॅकवर इतर जण कोणता ट्रक चालवतात. शर्यतीच्या दिवशी पुढचा आर्म कठड्यावर आदळून तुटतो, आणि पुढच्या फेरीला वीस मिनिटे उरलेली असताना तो शेजारच्या टेबलावरून उसना मिळतो तो शेजाऱ्याकडे तोच ट्रक असेल तरच.