थांबवून पाहिलेली हालचाल : विद्यापीठीय व्यायामशिक्षणातील दृक्‌श्राव्य साधनांची पार्श्वभूमी

विद्यापीठात व्यायाम शिकवताना चित्रांचा आणि चलचित्रांचा आधार घेण्याची पद्धत संगणकाबरोबर आली, हा समज बरोबर नाही. डोळ्यांना सापडत नाही इतकी जलद हालचाल थांबवून पाहावी, ही गरज त्याहून फार जुनी आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये छायाचित्रणाच्या एकाच काचेवर हालचालीचे लागोपाठचे टप्पे टिपण्यास सुरुवात केली, आणि त्यांचे सहायक जॉर्ज देमेनी यांनी हे तंत्र व्यायामशिक्षणाच्या अभ्यासाकडे वळवले. त्याच दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एडवर्ड मायब्रिज यांनी धावणाऱ्या, उडी मारणाऱ्या माणसांची छायाचित्रे घेतली. १८८७ मध्ये त्यांतून ७८१ चित्रफलक प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्राचाही या इतिहासात वाटा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या त्रैमासिकातून यौगिक क्रियांच्या वर्णनाला छायाचित्रांची व क्ष-किरण चित्रांची जोड दिली. शरीराच्या आत काय घडते हे शिकणाऱ्याला दाखवावे, हा विचार त्या काळात धाडसाचा होता.

तरीही छायाचित्रात किंवा चित्रपटात दिसत असे ती दुसऱ्याची हालचाल. शिकणाऱ्याला स्वतःची हालचाल लगेच पाहता येणे शक्य झाले ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस, उचलून नेता येणारे व्हिडिओ संच आल्यावर. त्यावरील संशोधनाचा १९७६ मध्ये रॉथस्टीन आणि अर्नोल्ड यांनी घेतलेला आढावा मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो: नवख्या विद्यार्थ्याला नुसते चित्रण दाखवून फारसा उपयोग होत नाही, कुठे पाहायचे हे शिक्षकाने सांगावे लागते. बैठक मारताना पाठ वाकते की गुडघा आत वळतो, हे नवख्याला आपणहून दिसत नाही.

भारतातील विद्यापीठीय प्रसारण मात्र बहुतांशी एकमार्गीच राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरदर्शनवरील देशव्यापी वर्ग १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाला, २००४ मध्ये शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह अवकाशात गेला, तर २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सरकारी व्यासपीठ आले. ‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चा. इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकण्यास ही रचना पुरते. व्यायामाच्या विद्यार्थ्याने मारलेली बैठक पाहण्याची सोय मात्र या चारांपैकी एकाही भागात मुळातून केलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत मैदाने बंद पडली, तेव्हा ती उणीव भरून काढली विद्यार्थ्यांच्या मोबाइलने: घरी केलेला व्यायाम चित्रित करून शिक्षकांकडे पाठवायचा, आणि त्यांनी तो थांबवून, मागे नेऊन चूक दाखवायची.