कुलाब्याच्या चुंबकी कड्या आणि टनेल जंक्शनमधला एक पातळ थर

संगणकाची स्मृती चुंबकात साठवायची ही कल्पना मुंबईला जुनी ओळखीची आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक 1960 साली पूर्ण रूपात कामाला लागला. सुमारे 2,700 निर्वात नळ्यांच्या या यंत्राची स्मृती फेराइट या चुंबकी पदार्थाच्या बारीक कड्यांची होती. 40 बिटांचे 2,048 शब्द, म्हणजे 81,920 बिट, आणि एका बिटाला एक कडी. कडीत ओवलेल्या तारांमधून वीज सोडली की तिचं चुंबकन एका बाजूने किंवा उलट बाजूने वळे. एक दिशा 0, दुसरी 1. यंत्र बंद केलं तरी ती दिशा तशीच राही.

सत्तरच्या दशकात अर्धवाहकांच्या चिप आल्या आणि कड्या मागे पडल्या. चिप लहान, स्वस्त आणि वेगवान, पण वीज गेली की त्यांची पाटी कोरी. हा हरवलेला गुण परत आणायचा, आणि तोही चिपच्या आकारात, या धडपडीतून आजचं मॅग्नेटिक टनेल जंक्शन घडलं.

त्याची रचना सांगायला सोपी आहे. दोन चुंबकी धातूंचे थर आणि त्यांच्यामध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा विद्युतरोधक. एरवी रोधकातून वीज जाऊ नये. पण थर इतका पातळ झाला की इलेक्ट्रॉनांचा तरंगस्वभाव त्यांना पलीकडे नेतो. यालाच टनेलिंग म्हणतात. ‘बोगदा’ हा शब्द इथे थोडी दिशाभूल करतो. पारसिकचा बोगदा डोंगर फोडून केलेला आहे. इथे कुणी काही फोडत नाही. रोधक अखंड असतो आणि तरीही काही इलेक्ट्रॉन पलीकडे सापडतात. वर्गात हे सांगताना मी नेहमी थांबते, कारण पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

दोन्ही चुंबकांची दिशा एकच असेल तर इलेक्ट्रॉन तुलनेने सहज पार होतात आणि विजेला होणारा रोध कमी भरतो. दिशा उलट असतील तर रोध वाढतो. या दोन रोधांमधला फरक कमी रोधाच्या किती टक्के आहे, हा आकडा म्हणजे जंक्शनची प्रत. कडीमध्ये जे दिशेने साठवलं जाई, ते इथे दिशेने साठवायचं आणि रोध मोजून वाचायचं.

फ्रान्समधल्या रेन शहरात मिशेल ज्युलिएर यांनी 1975 साली लोखंड, ऑक्सिडीकृत जर्मेनियम आणि कोबाल्ट यांच्या थरांमध्ये हा फरक मोजला: 14 टक्के, पण 4.2 केल्विनला, म्हणजे उणे 269 अंश सेल्सियसच्या आसपास. त्यानंतर वीस वर्षं खोलीच्या तापमानाला भरवशाचा मोठा आकडा कुणाला मिळाला नाही. मध्यंतरी 1988 साली आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी धातूंच्या थरांमध्ये महाचुंबकरोध, म्हणजे चुंबकनाची दिशा बदलली की रोध मोठ्या प्रमाणात बदलण्याचा गुण, शोधला, 1997 साली तो हार्ड डिस्कच्या वाचनशीर्षात पोहोचला आणि 2007 साली दोघांना नोबेल मिळालं. त्या यशाने टनेल जंक्शनकडे पुन्हा लक्ष वळवलं.

ही वीस वर्षं का गेली? माझ्या मते या इतिहासाचा गाभा इथेच आहे. चुंबक चांगले होते, सिद्धांतही हाताशी होता. अडत होतं ते मधल्या थरावर. अल्युमिनियमचा पातळ पापुद्रा बसवून त्याचं ऑक्सिडीकरण करायचं. ते अपुरं झालं तर धातू शिल्लक राहतो, जास्त झालं तर खालचा चुंबकच गंजतो. सूक्ष्म छिद्र राहिलं की सगळी वीज तिथूनच वाहते. हे 1995 साली दोन ठिकाणी जमलं: जपानच्या तोहोकु विद्यापीठात मियाझाकी आणि तेझुका यांना 18 टक्के, एमआयटीमध्ये जगदीश मूडेरा आणि सहकाऱ्यांना सुमारे 12 टक्के, दोन्ही खोलीच्या तापमानाला. मूडेरा आयआयटी मद्रासमधून पीएचडी करून गेलेले.

अल्युमिनियम ऑक्साइडचा थर अस्फटिकी असतो, म्हणजे त्यात अणूंची नियमित मांडणी नसते, आणि त्याच्यावर कितीही मेहनत घेतली तरी आकडा 70 टक्क्यांच्या आसपास अडला. वाट दाखवली ती गणिताने. 2001 साली बटलर आणि सहकाऱ्यांनी, तसंच मेथन आणि उमर्स्की यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की रोधक म्हणून स्फटिकी मॅग्नेशियम ऑक्साइड घेतला तर फरक कित्येक पटींनी वाढेल. असा रोधक इलेक्ट्रॉनांच्या तरंगांची निवड करतो. ज्या तरंगाचा त्यात सर्वांत कमी ऱ्हास होतो, तो चुंबकी थरातल्या लोखंडात एकाच स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना लाभलेला असतो. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाचा अंगचा चुंबकी गुण, त्याच्या दोनच दिशा. दुसऱ्या स्पिनची वाट जवळजवळ बंद. 2004 साली आयबीएमचे स्टुअर्ट पार्किन आणि जपानमधल्या त्सुकुबाचे शिंजी युआसा यांच्या गटांनी खोलीच्या तापमानाला 200 टक्क्यांच्या घरातले आकडे नोंदवले. तोहोकुच्या गटाने 2008 साली तो 604 टक्क्यांवर नेला.

त्सुकुबाच्याच कामात मुंबईचा धागा पुन्हा सापडतो. सध्या आयआयटी मुंबईत विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे अश्विन तुलापुरकर हे 2005 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाचे पहिले लेखक आहेत. सूक्ष्मतरंगांची प्रत्यावर्ती वीज मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जंक्शनमधून सोडली, तर तिच्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन चुंबकाला पीळ देतो. चुंबक डोलू लागतो, त्यासोबत रोधही डोलतो, आणि प्रवाह व रोध एका तालात आले की जंक्शनवर एकदिश व्होल्टता उमटते. एवढ्याशा रचनेने डायोडचं, म्हणजे प्रत्यावर्ती विजेतून एकदिश वीज काढण्याचं, काम केलं. हाच पीळ मोजण्याची नेमकी रीतही त्यातून हाती आली.

या पिळाचं भाकीत 1996 साली स्लॉन्चेव्स्की आणि बर्गर यांनी केलं होतं. स्मृतीसाठी त्याचं मोल मोठं. फ्रीस्केल या कंपनीने 2006 साली बाजारात आणलेल्या 4 मेगाबिटच्या चुंबकी चिपमध्ये दिशा बदलायला शेजारच्या तारांचं चुंबकी क्षेत्र लागे, जवळजवळ टिफ्रॅकच्या कड्यांसारखंच. पिळाच्या पद्धतीत जंक्शनमधून जाणारी वीजच चुंबक उलटवते.

2010 साली तोहोकुच्या गटाने दाखवलं की कोबाल्ट-लोह-बोरॉनचा थर 1.3 नॅनोमीटरइतका पातळ केला, तर मॅग्नेशियम ऑक्साइडला लागून असलेल्या सीमेमुळेच त्याचं चुंबकन आडवं न राहता उभं होतं. दिशा टिकवायचं कामही मधल्या थराच्या सीमेकडे आलं. त्यांच्या जंक्शनचा व्यास होता 40 नॅनोमीटर, आणि ते उलटवायला 49 मायक्रोअँपिअर पुरले.