गिरण्या संपामुळे बंद पडल्या? पूर्ण खरं नाही

लोअर परळला मॉलमधे गेलं की कोणीतरी म्हणतंच, कामगार नेते दत्ता सामंतांच्या संपाने मुंबईतल्या कापड गिरण्या बुडाल्या म्हणून हे टॉवर आले. लहानपणापासून हेच ऐकतोय, आणि दरवेळी राग येतो. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार होते, हाल झाले, हजारोंची नोकरी कायमची गेली, हे सगळं खरंय. पण बऱ्याच गिरण्या नंतरही चालू होत्या, १३ तर १९८३ मधे सरकारनेच ताब्यात घेतल्या. मालकांनी नव्या मशिनरीत पैसा घातला नव्हता आणि कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर स्वस्तात निघायला लागलं होतं, ते संपाच्या आधीपासूनच.

टॉवर आले ते जमिनीच्या नियमांमुळे. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मधे बदल करून हे वाटप फक्त मोकळ्या जमिनीपुरतं ठेवलं, म्हणजे जिथे शेड उभी ती जागा हिशोबातून बाहेर, आणि गिरणीत शेडच जास्त असते ना! २००६ ला सुप्रीम कोर्टानेही हा बदल कायम ठेवला. मैदानं आणि कामगारांची घरं या बदलात कमी झाली, संपात नाही.