पाथ लांब झाला म्हणून फाइल सोडून देऊ नका (आमच्या बॅकअप ग्राहकांसाठी माहिती)

फोल्डर एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर टाकताना 'डेस्टिनेशन पाथ टू लाँग' असा मेसेज येतो (पाथ म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता) आणि बरेच जण स्किप दाबून मोकळे होतात, कारण हजारो फायली चालल्यात, त्यात दोन-चार राहिल्या तर काय बिघडलं. कृपया स्किप दाबू नका. राहतात त्या फायली सगळ्यात खोल फोल्डरमधल्या असतात, आणि खोल फोल्डर कुठे तयार होतात तर जिथे काम सगळ्यात जास्त झालंय तिथे, म्हणजे साइटवाइज, वर्षवाइज, मग रिव्हिजन, मग 'फायनल', मग 'फायनल क्लायंटला पाठवलेली'.

फाइल खराब झालेली नसते हे आधी डोक्यात घ्या. विंडोजमध्ये जुन्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रामला पूर्ण पाथसाठी 260 कॅरेक्टरची जागा मिळते, त्यातच ड्राइव्हचं अक्षर, कोलन, तिरकी रेघ आणि शेवटचं न दिसणारं शून्य पण आलं, म्हणजे हातात 259. फोल्डर बनवायचा असेल तर मर्यादा अजून कमी, 248, कारण आत निदान एक जुन्या पद्धतीचं आठ अधिक तीन अक्षरी नाव मावायला हवं. पण खाली डिस्कवर जी एनटीएफएस असते, म्हणजे फायली मांडून ठेवायची विंडोजची पद्धत, तिला याचं काही नाही, तिथे एका नावाला 255 आणि पूर्ण पाथला साधारण 32,767 पर्यंत चालतं. अडचण वरच्या प्रोग्राममध्ये आहे.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, मर्यादा आहे तर मग इतका लांब पाथ बनलाच कसा? बहुतेक वेळा मॅप केलेल्या ड्राइव्हमुळे, म्हणजे सर्व्हरवरचा फोल्डर आपल्या पीसीवर ड्राइव्हसारखा जोडलेला असतो त्यामुळे. तुमच्या पीसीवर ते झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं आणि पाथ 240 चा असतो, सगळं आरामात सेव्ह होतं, पण सर्व्हरवर तोच फोल्डर डी ड्राइव्हच्या आत, डेटाच्या आत, ऑफिसच्या आत, चालू प्रोजेक्ट्सच्या आत असतो आणि तिथून मोजलं की 290 होतात. रात्री बॅकअप सर्व्हरवरून चालतो, त्याला 290 वाला पाथ दिसतो. दुसरं म्हणजे वरच्या एखाद्या फोल्डरचं नाव कोणीतरी बदलून लांब करतं, किंवा तो फोल्डर उचलून त्याच ड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरच्या आत टाकतं, अशा वेळी आतल्या प्रत्येक फाइलचा पाथ किती झाला हे विंडोज तपासत बसत नाही.

विंडोज 10 च्या 1607 व्हर्जनपासून, म्हणजे 2016 पासून, ही मर्यादा काढायची सेटिंग आहे, रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग जिथे ठेवतं तिथे) 'लाँगपाथ्सएनेबल्ड' नावाची. ती चालू करून झालं असं वाटतं पण तसं नाही, प्रोग्रामने पण आपल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे स्वतःबद्दलच्या माहितीत, मला लांब पाथ चालतात असं सांगितलेलं असावं लागतं, दोन्ही असेल तरच. फाइल एक्सप्लोरर तर सेटिंग चालू असूनही अडखळतो. आणि एक्सेलचं वेगळंच, त्याला फाइलच्या नावासकट पाथ 218 च्या वर चालत नाही, म्हणून रिस्टोअर केलेली शीट डिस्कवर एकदम धडधाकट असते पण उघडत नाही आणि लोक म्हणतात बॅकअप खराब निघाला. ती फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून उघडून बघा, उघडेल.

मराठीत नावं देणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचा, कारण हे फारसं कोणी सांगत नाही. विंडोजवर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एकच धरलं जातं. लिनक्सवर, आणि बहुतेक नॅसच्या (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या) डब्यात आत लिनक्सच असतं, नाव बाइटमध्ये मोजतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'ग्रामपंचायत' आपल्याला सहा अक्षरं दिसतात पण आत 11 चिन्हं आहेत म्हणजे 33 बाइट. एका नावाला मर्यादा 255 बाइट, म्हणजे देवनागरीची फक्त 85 चिन्हं. सातबारा, फेरफार, खरेदीखत यांच्या फायलींना गावाचं नाव, गट नंबर, मालकाचं पूर्ण नाव असं सगळं नावातच लिहायची सवय असते, ते पीसीवर मस्त सेव्ह होतं आणि नॅसवर जाताना नाकारलं जातं. यात फोल्डर उथळ केले तरी उपयोग नाही, नावच लहान करावं लागतं.

आमचा बॅकअप प्रोग्राम याला कसा हाताळतो ते थोडं सांगतो, कारण पैसे तुम्ही त्याचेच देता. लिनक्सवर एका वेळी सिस्टिमला जास्तीत जास्त 4096 बाइटचा पाथ देता येतो, मॅकवर 1024. पण डिस्कवर याहून खोल फोल्डर असू शकतात, एकेक पायरी आत जात बनवलेले. म्हणून आम्ही पूर्ण पाथ जोडून मागतच नाही. वरचा फोल्डर उघडायचा, त्याचा हँडल (उघडलेल्या फोल्डरची सिस्टिमने दिलेली खूण) धरायचा, आणि त्याच्या आतलं फक्त पुढचं एक नाव मागायचं, याला 'ओपनअ‍ॅट' म्हणतात. पूर्ण पत्ता पाठ करण्याऐवजी चौकाचौकात विचारत जावं तसं. चालू डिरेक्टरी (प्रोग्राम सध्या ज्या फोल्डरमध्ये उभा आहे ती) बदलत आत जायचा जुना उपाय आहे पण ती पूर्ण प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची, एकच असते, त्यातले चार थ्रेड (समांतर चालणारी कामं) एकदम काम करत असतील तर एकमेकांच्या पायाखालची जमीन सरकवतात, तो आम्ही वापरत नाही. हँडल पण अमर्याद मिळत नाहीत, बऱ्याच सिस्टिमवर एका प्रोसेसला सुरुवातीला 1024 च, त्यामुळे फार खोल गेल्यावर वरचे हँडल बंद करत जावं लागतं आणि परत वर येताना हा तोच फोल्डर आहे ना हे डिव्हाइस आणि आयनोड नंबरवरून (डिस्कवर प्रत्येक फाइल-फोल्डरला असलेला नंबर) तपासावं लागतं, मध्येच कोणी फोल्डर हलवला असेल तर. हे तपासणं आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. चुकीच्या फोल्डरचा बॅकअप बिनबोभाट होण्यापेक्षा काम थांबून रिपोर्टमध्ये लाल ओळ आलेली बरी.

विंडोजवर आम्ही पाथच्या आधी \\?\ हे चिन्ह लावतो, मग 260 ची अट सुटते. पण मग विंडोज पाथमध्ये काहीच दुरुस्त करून देत नाही, रेघा उलट्या असतील तर उलट्याच धरतं, दोन टिंबं लावून वर जाता येत नाही, त्यामुळे पाथ आधीच आम्ही नीट करून घेतो.

तुमच्याकडून एवढंच हवंय. रिस्टोअर मागताना तो कुठे उतरवायचा ते छोटं ठेवा, डी ड्राइव्हवर थेट 'आर' नावाचा फोल्डर चालेल, डेस्कटॉपवर तारखेचा लांबलचक फोल्डर नको, कारण तेवढी अक्षरं प्रत्येक पाथला आधी जोडली जातात. हाताने कॉपी करायचीच असेल तर एक्सप्लोररऐवजी रोबोकॉपी (विंडोजसोबतच येणारी कॉपीची कमांड) वापरा, त्याला लांब पाथ मुळातच चालतात. झिप उघडायला सेव्हन-झिप घ्या. आणि नॅस घेताना एनक्रिप्टेड फोल्डर चालू करणार असाल तर आधी आम्हाला विचारा, कारण त्यात ईक्रिप्टएफएस (लिनक्सवरची एनक्रिप्शनची एक पद्धत) असेल तर नावाची मर्यादा 255 वरून 143 बाइटवर येते, म्हणजे मराठी नावाला 47 चिन्हं, आणि फायली भरून झाल्यावर नावं बदलत बसण्यापेक्षा त्याच्या आधी दोन दिवस देऊन यादी काढलेली परवडते. यादी आम्ही काढून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.