बेझिए वक्र

संगणकावर वळणदार रेषा साठवण्याची गणिती पद्धत. अक्षरे, बोधचिन्हे, नक्षी रेखाटताना वापरले जाणारे 'पेन टूल' हिच्यावरच चालते. रेषेचा एकेक ठिपका न साठवता फक्त चार बिंदू साठवतात : दोन टोकांचे आणि दोन ओढीचे. रेषा टोकांच्या बिंदूंतून जाते. ओढीचे बिंदू तिला आपल्याकडे खेचतात, पण बहुधा ती त्यांना शिवत नाही.

हे नवलाचे वाटले तर कोकणातल्या एखाद्या खाडीकाठी होडी बांधताना पाहावे. पठाण (होडीच्या तळाचा कणा) बसवून त्यावर वाकं (फासळ्या) उभी केली की सुतार त्यांच्यावरून लांब, लवचीक पट्टी फिरवतो आणि एक डोळा मिटून वळण बघतो. युरोपातल्या जहाजांचे आराखडे काढणारेही अशीच पट्टी कागदावर शिशाच्या वजनांनी दाबून धरत. त्या पट्टीला 'स्प्लाइन' म्हणत. गणितातला स्प्लाइन हा शब्द तिथूनच आला. फरक एवढाच, की पट्टी प्रत्येक वजनापाशी टेकते, बेझिए वक्र ओढीच्या बिंदूंपासून लांबच राहतो.

किती लांब, ते हाताने काढता येते. आलेखाच्या कागदावर (०,०), (०,८), (८,८), (८,०) हे बिंदू क्रमाने जोडा; पहिला आणि शेवटचा टोकांचे, मधले दोन ओढीचे. तिन्ही रेषांचे मध्य (०,४), (४,८), (८,४). ते जोडून पुन्हा मध्य घेतले की (२,६) आणि (६,६). त्यांचा मध्य (४,६). हा बिंदू वक्रावरचा. ओढ ८ पर्यंत, वक्र ६ वरच वळला. मध्याऐवजी इतर प्रमाणे घेतली की उरलेला वक्र मिळतो.

ही रीत पॉल द कास्तेल्झो यांनी सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत १९५९ मध्ये शोधली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनॉ या दुसऱ्या मोटार कंपनीतल्या पियेर बेझिए यांनी त्याच वक्रावर स्वतंत्रपणे काम करून ते प्रसिद्ध केले, आणि नाव त्यांचे झाले. दोघांपुढे प्रश्न मोटारींच्या पत्र्याचा होता, अक्षरांचा नव्हे. छपाईयंत्राला पान कसे काढायचे ते सांगणाऱ्या, १९८४ च्या पोस्टस्क्रिप्ट या संगणकभाषेमुळे हा वक्र छपाईत शिरला.

अचूक वर्तुळ मात्र या पद्धतीने काढता येत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते गोल असतात. त्यांतला एक संगणकावर उतरवायचा तर कडेसाठी चार वक्र जोडावे लागतात आणि ओढीचे बिंदू टोकांपासून त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर ठेवावे लागतात. तरी त्रिज्येत ०.०२७ टक्क्यांपर्यंत चूक राहतेच. ४ सेंमी त्रिज्येच्या पत्त्यावर ती केसाच्या जाडीहूनही कमी.

गणपतीत चाकरमान्यांच्या स्वागताचे फलक छापणाऱ्याला या वक्रांशी रोज झुंजावे लागते. मोबाइलवर ठिपक्यांच्या चित्राच्या रूपात आलेले मंडळाचे चिन्ह दहा फुटांवर ताणले की कडा करवतीसारख्या दिसतात. मग ते पेन टूलने पुन्हा गिरवायचे. नवखा मुलगा 'ळ'च्या एका गाठीला चाळीस बिंदू देतो आणि गाठ खडबडीत होते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, जिथे वळण दिशा बदलते तिथेच बिंदू दिले तर ती गुळगुळीत येते. पट्टीला जागोजाग खिळे मारले की तीही अशीच लहरते.