‘कुत्रा आवरा, पाहुणा आलाय’: मंगोलियातल्या आलिशान भटकंतीमागची आठशे वर्षं

मंगोलियात गेरच्या, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूच्या, दाराशी जाऊन कडी वाजवायची रीत नाही. लांबूनच हाक द्यायची: ‘नोखोई खोर!’ शब्दशः अर्थ ‘कुत्रा आवरा’, वापर मात्र ‘कुणी आहे का घरात?’ असा. राखणीचा कुत्रा खरोखरच अंगावर येणारा असतो, त्यामुळे हाकेत शिष्टाचारही आला आणि पिंढऱ्यांची काळजीही. पुढे फार सोपस्कार नसतात. उंबऱ्यावर पाय न देता आत जायचं, बसायचं. मीठ घातलेला दुधाचा चहा पुढे येतो, आरूल नावाचे वाळवलेल्या दह्याचे दगडासारखे तुकडे येतात. नाव-गाव नंतर विचारलं जातं.

गोबी वाळवंटातल्या महागड्या कॅम्पवर अशी हाक द्यावी लागत नाही. विमानतळावर गाडी उभी असते, गेरमध्ये पलंग मांडलेला असतो, गरम पाण्याची न्हाणी असते आणि संध्याकाळी लाल सुळक्यांकडे तोंड करून वाइन मिळते. भाडं रात्रीला शेकड्यांनी डॉलर. दुसऱ्या दिवशी ‘खऱ्या’ भटक्या कुटुंबाची भेट, उंटाची सवारी, वाळूच्या टेकड्या. जाहिरातीत हे सगळं ‘काळाने न शिवलेल्या’ जीवनाचं दर्शन म्हणून येतं.

या वाक्यात काळाचाच घोटाळा आहे. या माळरानावर परक्या प्रवाशाच्या सोयीची व्यवस्था तेराव्या शतकापासून आहे आणि ती उचलून धरणारं पशुपालक कुटुंबही तेव्हापासूनच आहे. फर्मान कुणाचं आणि पैसा कुणाच्या खिशात, एवढंच बदलत आलं.

तंबूतला थाटही नवा नाही. १२४६ मध्ये पोपचा दूत म्हणून आलेला इटालियन साधू कार्पिनी मंगोल सम्राट गुयुक खानाच्या राज्यारोहणाला हजर होता. त्याने पाहिलेल्या एका मंडपात दोन हजार माणसं मावतील असा त्याचा अंदाज होता. दुसऱ्या मंडपाचे खांब सोन्याच्या पत्र्याने मढवलेले होते. अशा राजछावणीला ‘ओर्दू’ म्हणत. तोच शब्द फिरत फिरत आपल्याकडे आला आणि छावणीच्या बाजारात बोलल्या जाणाऱ्या भाषेला ‘उर्दू’ हे नाव चिकटलं.

कार्पिनीनंतर आठ वर्षांनी मोंग्के खानाच्या दरबारात पोचलेल्या रुब्रुकच्या विल्यम या युरोपीय साधूने तर घर न मोडता ते गाड्यावर चढवून नेताना पाहिलं. चाकोऱ्यांमधलं अंतर त्याने स्वतः मोजलं: वीस फूट. गाडा ओढायला बावीस बैल. राजधानी काराकोरममध्ये (आपल्या काराकोरम पर्वताशी गल्लत नको, हे शहर ओर्खोन नदीच्या खोऱ्यातलं) त्याला पॅरिसचा एक सोनार भेटला. त्याने खानासाठी चांदीचं झाड घडवलं होतं आणि त्याच्या नळ्यांतून चार प्रकारची पेयं वाहत. शहराबद्दल मात्र विल्यमचं मत फार बरं नव्हतं: खानाचा वाडा सोडला तर पॅरिसजवळचं सेंट-डेनिस हे गावही याहून बरं, असं त्याने लिहून ठेवलं. आजच्या प्रवासी संकेतस्थळांवर हा माणूस तीन तारे देऊन मोकळा झाला असता.

हे दूत एवढ्या लांब पोचले ते डाकचौक्यांमुळे. मंगोल भाषेत या चौकीला ‘ओर्तोओ’ म्हणतात. साम्राज्यभर ठरावीक टप्प्यांवर घोडे, खाणं आणि मुक्काम तयार असे; ‘गेरेगे’ नावाची धातूची पट्टी दाखवली की ते मिळे. ही व्यवस्था चंगीझ खानाचा मुलगा ओगेदेई याने बसवली. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात ओगेदेई आपली चार सत्कृत्यं सांगतो. त्यात डाकचौक्या आहेत आणि निर्जळ प्रदेशात खणलेल्या विहिरीही आहेत. पाठोपाठ तो चार चुकाही कबूल करतो, हे विशेष.

चौक्यांवरचे घोडे आणि मेंढ्या येत कुठून? आसपासच्या कुटुंबांकडून. ती वेठच होती. व्यापारी आणि राजपुत्रांनी या सोयीचा इतका गैरवापर केला, की पुढे मोंग्के खानाला फर्मानं काढून त्यांना आवरावं लागलं. साम्राज्य मोडलं, सतराव्या शतकाच्या अखेरीस चीनवर राज्य करणारी मांचू सत्ता आली, तरी चौकीची वेठ सुटली नाही. अधिकारी येत, घोडे बदलत, मेंढी खात आणि पुढे जात. मंगोलांचा पाहुणचार म्हणजे निव्वळ रक्तातला भोळेपणा, असं लिहिणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये. जिथे पुढचं घर एका दिवसाच्या रपेटीवर आणि थंडी उणे तीस अंशांवर, तिथे दारातल्या माणसाला आत घेणं हा परस्परांच्या जगण्याचा करार होता. राज्यकर्त्यांनी त्याच कराराला हुकमाचं रूप दिलं.

गोबी पाश्चात्त्यांच्या कल्पनेत शिरलं ते मात्र उंटांमुळे नव्हे, अंड्यांमुळे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने १९२२ पासून रॉय चॅपमन अँड्र्यूज याच्या नेतृत्वाखाली मोहिमा पाठवल्या. मोटारगाड्या घेऊन वाळवंटात शिरायचं आणि त्यांचं पेट्रोल उंटांच्या तांड्याने आधीच पुढे नेऊन ठेवायचं, ही त्याची युक्ती. १९२५ च्या मोहिमेत असे सव्वाशे उंट होते. मंगोल ज्या जागेला ‘बायनझाग’, म्हणजे झाग झुडपांनी समृद्ध, म्हणत, तिला अँड्र्यूजने ‘पेटते सुळके’ या अर्थाचं इंग्रजी नाव दिलं. नाव चिकटलं, कारण मावळतीला ते खडक खरोखर पेटल्यासारखे दिसतात. १९२३ मध्ये तिथेच डायनासोरची अंडी सापडली. ती ज्या प्राण्याची मानली गेली त्याची नव्हतीच, हे सत्तर वर्षांनी कळलं. निधी उभारण्यासाठी अँड्र्यूजने एक अंडं लिलावात काढलं आणि ते पाच हजार डॉलरना गेलं. अंगाशी आलं ते हेच. एका अंड्याला एवढी किंमत, मग हे लोक पेट्याच्या पेट्या भरून काय नेतायत, असा संशय चीन आणि मंगोलियाच्या सरकारांत बळावला. १९३० नंतर मोहिमा बंदच पडल्या. आजही आलिशान सहलींच्या कार्यक्रमात बायनझागची संध्याकाळ चुकत नाही.

तोवर देश बदलला होता. १९२१ मध्ये क्रांती, १९२४ मध्ये लोकसत्ताक आणि राजधानीला नवं नाव: उलानबातर. ‘उलान’ म्हणजे लाल, ‘बातर’ म्हणजे वीर. आपला ‘बहादूर’ याच मंगोल शब्दाचा फारसीमार्गे आलेला भाऊबंद, तेव्हा उलानबातरचा सरळ मराठी अर्थ ‘लाल बहादूर’. उलट दिशेचा प्रवास बौद्ध धर्माबरोबर झाला. मंगोल भाषेतल्या वारांच्या जुन्या नावांत आदिया, सुमिया, अंगारग, बुद, बारखसबाद अशी ओळखीची मंडळी सापडतात आणि तिथे मुलामुलींच्या नावांत सर्रास येणारा ‘एर्देने’ हा शब्द मूळचा संस्कृत ‘रत्न’.

१९३७ ते १९३९ च्या, समाजवादी राजवटीच्या दमनसत्रात तीस हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, त्यांत लामांची संख्या मोठी. शेकडो मठ जमीनदोस्त झाले. आज पर्यटकाला माळावर मधेच पडक्या भिंती दिसतात आणि त्या फार प्राचीन वाटतात. त्यांतल्या बऱ्याचशा जेमतेम नव्वद वर्षांपूर्वी पडल्या, किंबहुना पाडल्या. १९५० च्या दशकाअखेर जवळपास सर्व पशुपालक ‘नेगदेल’ नावाच्या सामूहिक संस्थांत ओढले गेले. जनावरं संस्थेची, पगार ठरलेला. घरापुरती थोडी जनावरं खाजगी ठेवायला मुभा.

याच समाजवादी राजवटीने आजच्या गेर कॅम्पचा साचा तयार केला. १९५४ मध्ये ‘जूल्चिन’ ही सरकारी पर्यटन संस्था स्थापन झाली. शब्दाचा अर्थच ‘पर्यटक’. पाहुणे मुख्यतः सोव्हिएत गोटातले. जोडीला डॉलर मोजणारे पाश्चात्त्य शिकारी, आल्ताय पर्वतातल्या अर्गाली या रानमेंढ्यांच्या शिंगांसाठी आलेले. ओळीने मांडलेले एकसारखे गेर, वेगळी भोजनशाळा, वेगळी स्नानगृहं, ठरलेला दुभाषा, ठरलेला मार्ग. भटक्या कुटुंबाची भेटही ठरलेली, अर्थात नीटनेटक्या, आदर्श कुटुंबाची. आजच्या पंचतारांकित कार्यक्रमपत्रिकेतून वाइन वगळली की खाली जूल्चिनचं वेळापत्रक ओळखू येतं.

१९९० मध्ये एकपक्षीय राजवट शांततेने गेली. सोबत मॉस्कोची मदतही गेली, जी अर्थव्यवस्थेच्या जवळपास एक तृतीयांश होती. कारखाने बंद पडले, शहरात शिधावाटप सुरू झालं, नेगदेल मोडून जनावरं वाटली गेली. मग घडलं ते उफराटं: माणसं शहराकडून माळाकडे निघाली. १९९० मध्ये पशुपालक दीड लाखाच्या आत होते, दशकाच्या अखेरीस चार लाखांवर गेले. त्यांत ड्रायव्हर होते, शिक्षक होते, गिरणी कामगार होते. तेव्हा ‘पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत आलेली भटकंती’ पाहायला गेलेल्या पर्यटकासमोर चहाचा वाडगा धरणारे आजोबा कदाचित मधली वीस वर्षं ट्रक चालवत होते. मला ही गोष्ट त्या ‘काळाने न शिवलेल्या’ कल्पनेपेक्षा कितीतरी रंजक वाटते.

जूल्चिनची मक्तेदारी संपल्यावर खाजगी कंपन्या उतरल्या. आलिशान कॅम्पचं ठळक उदाहरण म्हणजे दक्षिण गोबीत २००२ मध्ये सुरू झालेलं ‘थ्री कॅमल लॉज’. त्याचा संस्थापक जाल्सा उरुबशुरोव हा अमेरिकेतल्या काल्मिक कुटुंबातला. काल्मिक म्हणजे सतराव्या शतकात व्होल्गाकाठी गेलेले पश्चिमी मंगोल. १९४३ मध्ये स्टालिनने त्यांना सैबेरियात हाकललं. काही जण त्याआधी निसटून जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत आणि १९५० च्या दशकारंभी न्यू जर्सीत पोचले. वाळवंटात आरामाची जागा बांधणारा माणूस स्वतः विस्थापितांच्या घरातला होता तर. मुख्य इमारत पारंपरिक बौद्ध वास्तुशैलीत, छप्पर खिळ्यांशिवाय सांधलेलं, मुक्कामाला मात्र गेरच. पुढे अनेकांनी हे सूत्र उचललं: बाहेरून पशुपालकाचं घर, आतून हॉटेल.

गेरची बांधणी या सूत्राला सोयीची आहे. ‘खाना’ ही उघडमीट होणारी लाकडी जाळीची भिंत, ‘उनी’ या छताच्या दांड्या, मध्यभागी धूर आणि उजेडासाठी ‘तोनो’ हे चक्र, वर नमदा. नमदा म्हणजे घोंगडीसारखं विणलेलं कापड नव्हे. लोकर झोडपून, ओली करून, गुंडाळून घोड्यामागे फरफटवत घट्ट केलेला थर. दोन-चार माणसं तासा-दोन तासांत घर उभं करतात. या कारागिरीची युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशात नोंद केली. अडचण फक्त न्हाणीची, कारण मूळ घरात ती नसतेच. दार दक्षिणेला, त्यासमोर उत्तरेची बाजू ‘खोइमोर’, म्हणजे देवांची आणि वडीलधाऱ्यांची मानाची जागा. न्हाणी मागे जोडली तर ती नेमकी देवांच्या पाठीशी येते.

दुसरी अडचण जमिनीची, आणि ती खरी गंभीर. १९९२ च्या राज्यघटनेनुसार कुरण खाजगी मालकीचं होऊ शकत नाही. कॅम्पला जागा भाडेपट्ट्यावर मिळते. भोवतालचा माळ सगळ्यांचा. म्हणजे पर्यटक ज्या मोकळ्या क्षितिजासाठी पैसे मोजतो, ते क्षितिज विकणाऱ्याच्या मालकीचं नाहीच. ते मोकळं राहतं, कारण पशुपालक कुंपण घालत नाहीत. त्यातच दक्षिण गोबीत ओयू तोल्गोईसारखी प्रचंड तांब्याची खाण आली. कश्मिरी लोकरीच्या भावामुळे बकऱ्याही वाढल्या. मेंढी गवत वरून कुरतडते, बकरी मुळासकट उपटते. पाणी आधीच विहिरींवर मोजून मिळणारं, त्यात आता शॉवरचीही वाटणी.

सरकारला पर्यटन हवं आहे. २०२१ मध्ये उलानबातरजवळ नवा विमानतळ सुरू झाला, २०२३ पासून अनेक देशांच्या नागरिकांना व्हिसातून सूट दिली गेली आणि २०२४ मध्ये परदेशी पाहुण्यांचा सरकारी आकडा आठ लाखांपर्यंत गेला. देशाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास. आलेले बहुतेक शेजारच्या चीन, रशियातून आणि दक्षिण कोरियातून. आलिशान कॅम्पवाले त्यांत मूठभर, पण दर माणशी सर्वाधिक पैसा सोडणारे. त्यातला किती त्या भेटीच्या कुटुंबापर्यंत झिरपतो, हे त्या-त्या कंपनीच्या दानतीवर आहे. काही ठिकाणी कुटुंबाला ठरलेला मोबदला मिळतो आणि दूध, मांस, लोकर विकत घेतली जाते. काही ठिकाणी पाहुणे आरूलचा तुकडा चाखतात, फोटो काढतात आणि साखरेची पिशवी भेट देऊन निघतात.

हंगाम जूनपासून सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर बहुतेक कॅम्पांचे गेर उतरवले जातात, पलंग गोदामात जातात आणि गवतावर पिवळी वर्तुळं तेवढी राहतात. त्याच सुमारास पशुपालक ‘ओव्होल्जोओ’ म्हणजे हिवाळी मुक्कामाकडे निघतात, डोंगराच्या आडोशाला. तिथे कधी ‘झुद’ गाठतो: बर्फ इतका खोल किंवा गोठून इतका कडक, की खालचं गवत जनावराला मिळत नाही. १९९९ ते २००२ या सलग झुदांत एक कोटीहून अधिक जनावरं मेली, २००९-१० मध्ये पुन्हा कोटीच्या घरात आणि २०२३-२४ मध्ये सत्तर लाखांहून अधिक. ज्यांची सगळी जनावरं जातात ते गेर गाड्यावर लादून उलानबातरच्या उतारांवर येतात आणि पाट्यांचं कुंपण घालून तिथेच तो पुन्हा उभा करतात. कुत्राही सोबत असतो. तिथेही फाटकाशी आलेला माणूस आधी तीच हाक देतो.