वनस्पतिजन्य विषारी अल्कलॉइडांची रक्त व लघवीतील तपासणी : किनारपट्टीवरील रुग्णालये व दवाखान्यांसाठी माहिती

कोकणात धोत्रा, काजरा आणि कळलावी या वनस्पती गडग्यालगत, परसात किंवा रानवाटेला सहज आढळतात. धोत्र्यात अॅट्रोपिन व स्कोपोलामिन, काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्निन व ब्रुसिन आणि कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असते. बचनाग येथे उगवत नाही. मात्र त्याचे शोधन न केलेले मूळ औषध म्हणून पोटात गेल्यास अॅकोनिटिनची बाधा होते. अमली पदार्थांसाठी वापरली जाणारी लघवीची पट्टी यांपैकी काहीही दाखवत नाही, म्हणून तिचा निष्कर्ष नकारार्थी आल्याने विषबाधेची शंका दूर होत नाही.

अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींतील ही नत्रयुक्त संयुगे, बहुतेक आम्लारिधर्मी असल्याने नमुन्याचा सामू (pH) ९ च्या आसपास नेऊन ते सेंद्रिय द्रावकात उतरवले जातात. १८५० साली बेल्जियमचे रसायनशास्त्रज्ञ झाँ स्तास यांनी मृताच्या अवयवांतून निकोटिन वेगळे केले, तेही मुळात याच गुणधर्माच्या आधारे. त्यानंतर द्रव क्रोमॅटोग्राफीने घटक सुटे करून वस्तुमान वर्णपटमापकावर (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) त्यांच्या रेणूंचे तुकडे शुद्ध प्रमाण नमुन्याशी ताडून पाहिले जातात.

नमुना केव्हा घेतला, यावर बरेच अवलंबून असते. अॅट्रोपिन काही तासांतच रक्तातून उतरते आणि त्याचा लघवीवाटे जाणारा भाग बहुतांशी पहिल्या २४ तासांत बाहेर पडतो. धोत्र्याच्या बाधेत लघवी तुंबते. अशा रुग्णाला नळी घातल्यावर येणारी पहिली लघवी कृपया टाकून देऊ नये. कोल्चिसिन रक्तातून लवकर पेशींत शिरते, त्यामुळे दाखल होताना घेतलेले रक्त नंतरच्या रक्तापेक्षा अधिक सांगते. उपचारात अॅट्रोपिनचे इंजेक्शन दिले असल्यास त्याची वेळ तपासणीच्या अर्जावर अवश्य लिहावी, कारण त्यानंतरच्या नमुन्यात केवळ अॅट्रोपिन सापडल्याने धोत्रा सिद्ध होत नाही. सोबत स्कोपोलामिन आढळले, तरच तो निष्कर्ष बळावतो.

रक्त ५ मिलिलिटर, राखाडी झाकणाच्या फ्लोराइड नळीत, आणि लघवी शक्यतो ५० मिलिलिटर, स्वच्छ बाटलीत घ्यावी. कोल्चिसिन प्रकाशाने बिघडते, म्हणून कळलावीची शंका असल्यास नळी व बाटली दोन्हींना चांदीचा कागद गुंडाळावा. नमुना थंड ठेवण्यासाठी बंदरावरचा मासळीचा बर्फ वापरण्यास हरकत नाही. मात्र तो वेगळ्या बंद पिशवीत असावा, कारण वितळलेल्या पाण्याने चिठ्ठीवरचे नाव पुसले गेले तर नमुना कोणाचा हे सांगता येत नाही. थंडीने रक्ताचा बर्फ होऊ देऊ नये. रुग्णाने खाल्लेल्या पानाचा, बीचा किंवा कंदाचा तुकडा मिळाल्यास तोही वेगळ्या कागदी पाकिटात पाठवावा.

कण्हेर व बिट्टी यांतील विष ग्लायकोसाइड प्रकारचे, तर गुंज व एरंडातील विष प्रथिन असल्याने ती या तपासणीत सापडत नाहीत. त्यांची शंका असल्यास नमुना पाठवण्यापूर्वी आमच्या प्रयोगशाळेशी बोलावे. कोणत्याही प्रसंगी उपचार अहवालासाठी थांबवू नयेत. आमचा अहवाल उपचारांना साहाय्य म्हणून दिला जातो. पोलिसांत नोंद झालेल्या प्रकरणात शासकीय न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसाठीचा नमुना आधी मोहोरबंद करून बाजूला ठेवावा आणि त्यानंतरच आमच्याकडील नमुना रवाना करावा.